चेअरमनकाका

नगर जिल्ह्यात चेअरमन व्हायला कारखाना लागतोच असं नाही. विकास सोसायटीचा चेअरमन असतो, पतसंस्थेचा असतो, दूध संघाचा असतो. आणि यातलं काहीच हाती लागलं नाही, तर भावकीतल्या वाढदिवसांचा असतो. हा शेवटचा प्रकार कोपरगावपासून जामखेडपर्यंत घराघरात सापडतो. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं, त्यामुळे पाडताही येत नाही.

आमच्या भावकीतलं हे पद चुलतकाकांकडे आहे. काकांची उभी हयात एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. चिटबॉय म्हणून चिकटले, बांधाबांधानं फिरून उसाच्या नोंदी केल्या, तोडणीच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि निवृत्त होईपर्यंत स्वतःची कपाटाची किल्ली मिळवली. दर वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेला ते मंचामागे फायली सांभाळत उभे असत. सभा सगळ्या ऐकल्या, बोलले एकाही सभेत नाहीत. निवृत्तीनंतर सावेडीला घर बांधलं, पहिली नात झाली, तिचा पहिला वाढदिवस आला, आणि इतकी वर्षं मंचामागे साठलेलं सगळं अध्यक्षपण एका संध्याकाळी मंचावर आलं.

त्यांना नावं ठेवणारे भावकीत पुष्कळ आहेत. मी त्यातला नाही. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचं गाळप सुरू केलं, तेव्हापासून या जिल्ह्याला एकट्यानं काही करायची सवयच उरलेली नाही. ऊस एकट्यानं गाळायचा नाही हे ज्यांच्या हाडीमासी भिनलं, ते केक एकट्यानं कसा कापतील?

वाढदिवसाच्या महिनाभर आधी काकांच्या ओसरीवर समित्या बसतात. खाद्य समिती, क्रीडा समिती, सजावट समिती, वाहतूक समिती. प्रत्येक समितीचे पदसिद्ध अध्यक्ष काका. काकू कुठल्याच समितीत नसतात. त्या आत स्वयंपाकघरात असतात, आणि समित्यांचे निर्णय शेवटी तिथेच फिरवले जातात. मग व्हॉट्सॲपवर सूचना पडते. "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की" अशी सुरुवात, खाली विषयपत्रिका. विषय क्रमांक एक, मागील वाढदिवसाचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, औक्षण. तीन, केक. शेवटी, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. ठिकाण म्हणून काका काटेकोरपणे "अहिल्यानगर" लिहितात, कारण २०२४ साली सरकारनं नाव बदललं आणि कागद म्हणजे कागद. बोलताना मात्र "नगरला या" हेच. तळाशी टीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. भावकीनं या टिपेचा सरळ अर्थ घेतला आहे. पहिला अर्धा तास कुणीच येत नाही.

वाहतूक समितीनं यावर एकदा इलाज काढला. उसाला तोडणीची चिठ्ठी जाते, तशी प्रत्येक घराला येण्याची चिठ्ठी गेली. केडगावकर पाच वाजून दहा मिनिटांनी, भिंगारकर साडेपाचला, पाइपलाइन रोडवाले जवळचे म्हणून सगळ्यात शेवटी. "गव्हाणीवर गर्दी नको," काका म्हणाले. पावणेसातला सगळे एकदम आले. गल्लीत गाड्यांची रांग लागली, काका फाटकात उभे राहून एकेकाची चिठ्ठी तपासत होते आणि ज्या पोराचा वाढदिवस होता ते आत टेबलावरच्या केकच्या कडेचं क्रीम बोटानं चाखून मोकळं झालं होतं.

फ्लेक्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण फ्लेक्स काय असतो हे नगरकरांना सांगायची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या फ्लेक्सवर नातीला गॉगल घातला होता. खाली शुभेच्छुकांचे तेवीस फोटो होते आणि त्यात तिच्या आईचा नव्हता.

थीम हा शब्द मात्र काकांना पहिल्यांदा ऐकला तेव्हा बोचला. सूनबाई म्हणाली, "आप्पा, आजकाल थीम ठेवतात." काकांना वाटलं, आपल्याला अडाणी म्हणताहेत. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी ओसरीवर निवेदन केलं. "थीम काय नवीन आहे? तुमच्या सासूचं डोहाळेजेवण नावेतलं झालं होतं. तिच्या जावेचं झोपाळ्यातलं, धाकटीचं चंद्रकोरीतलं. ही थीम नाही तर काय? आणि बोरन्हाण? काळं झबलं, हलव्याचे दागिने, वरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे. सगळी पोरं खाली बसून लुटतात. कपडे ठरलेले, खाणं ठरलेलं, खेळ ठरलेला. तुमच्या त्या मोबाइलमध्ये याहून वेगळं काय दाखवतात?"

आता हे काकांच्या तोंडून आलं म्हणून लोक हसले, पण मुद्दा बिनतोड होता. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारं बोरन्हाण ही लहान मुलांची आपल्याकडची सगळ्यात नीट आखलेली पार्टी आहे. त्यात मोठ्यांना भाषण करायला जागा नाही, हे तिचं आणखी एक वैशिष्ट्य. काकांनी तेवढी एक त्रुटी पुढे दूर केली.

मग थीमचा सपाटाच लागला. नात सात वर्षांची झाली तेव्हा तिनं "युनिकॉर्न" मागितला. काकांनी विचारलं, म्हणजे कोण? एक शिंगाचा घोडा. काका खुलले. पोळ्याचं सामान माळ्यावर पडूनच होतं. खेळण्यातल्या घोड्याच्या कपाळावर पुठ्ठ्याचं शिंग बसवलं, त्याला हिंगूळ फासला, टोकाला पितळी शेंबी, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल आणि वर बेगडाची नक्षी. सूनबाईनं मागवलेले फिके गुलाबी-जांभळे फुगे आणि मध्ये हा ऐन पोळ्याचा घोडा. "याला नैवेद्य काय?" असं गावाकडच्या आत्याबाईंनी विचारलं ते चेष्टेनं नव्हे. त्यांनी खरोखर पुरणपोळी आणली होती.

पण काकांचं सर्वोत्तम काम म्हणजे चांदबीबी. नात तेव्हा आठवीत पोचलेली, थोरली झाल्यामुळे फुग्यांना नाक मुरडू लागलेली. काकांनी भुईकोट किल्ल्याची थीम काढली. १५९५ साली शाहजादा मुरादच्या मोगल फौजेनं नगरला वेढा घातला आणि चांदबीबीनं किल्ला लढवला, ही गोष्ट नगरच्या पोरांना पाठच असते. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणून तट रचला. नात अर्थातच चांदबीबी. अडचण एकच आली, मोगल व्हायला कुणी तयार होईना. काकांनी नगरपालिकेच्या प्रभागांची निघते तशी सोडत काढली. बरणीत चिठ्ठ्या, चिठ्ठी काढायला शेजारचं तीन वर्षांचं पोर. ज्यांच्या नावानं मोगल निघाले त्यांच्या आयांनी सोडतीवर हरकती घेतल्या. हरकतींची सुनावणी होईपर्यंत मोगलांनी पाणीपुरीचं टेबल ताब्यात घेतलं होतं.

वेढा मात्र बहारीचा झाला. सुरुंगानं तट फुटला होता आणि चांदबीबीनं रातोरात बुजवून घेतला, असा इतिहास आहे. इथे एका मोगलानं दोन खुर्च्या ओढल्या, तर चांदबीबीनं त्या जागी स्वतःच्या धाकट्या भावाला बसवलं. शेवटी तह. खऱ्या तहात निजामशाहीला वऱ्हाड सोडावं लागलं होतं. काकांनी वऱ्हाडाऐवजी वेफर्सचा मोठा पुडा ठेवला. चांदबीबीनं तो द्यायला साफ नकार दिला. "आजोबा, तुम्हीच म्हणाला ना ती शूर होती?" इतिहासानं इथे वेगळं वळण घेतलं आणि काकांनी ते इतिवृत्तात तसंच नोंदवलं.

क्रीडा समितीचा हक्काचा खेळ म्हणजे संगीत खुर्ची. नगर जिल्ह्यात या खेळाकडे कुणी खेळ म्हणून बघत नाही. पोरं गोल फिरतात, पण बाहेर उभे असलेले बाप खुर्चीवरून डोळा काढत नाहीत. गाणं कुणाच्या मोबाइलवर लावायचं यावर वाद होतो, बंद करणाऱ्यानं पाठ फिरवून उभं राहावं असा ठराव होतो, आणि तरी प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी म्हणतंच, "त्याच्या पोराजवळ खुर्ची आली की बरोबर बंद करतोय." एकदा शेवटच्या खुर्चीवर दोघं चुलतभाऊ अर्धे-अर्धे बसले आणि उठेचनात. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी माइक घेतला आणि निवडणूक बिनविरोध झाल्याचं जाहीर केलं. अडीच-अडीच मिनिटं आळीपाळीनं बसायचं ठरलं. पहिल्याची मुदत संपल्यावर त्यानं राजीनामा दिला नाही, हे वेगळं सांगायला नको.

"शिवाजी म्हणतो" हा खेळ त्या मानानं शांततेत होतो, कारण तिथे आज्ञा कुणाची हे आधीच ठरलेलं असतं.

जेवणाचा विषय काका आचाऱ्याबरोबर बसून सोडवतात. पोरांना काय हवं ते सूनबाई सांगते: नूडल्स, मंच्युरियन, छोटे पिझ्झे. पण पोरांबरोबर मोठी माणसं येतात, आणि कर्जत-जामखेडकडचे पाहुणे शिपी आमटी नसेल तर जेवलो असं म्हणत नाहीत. मग अंगणाच्या एका कडेला मंच्युरियनची कढई आणि दुसऱ्या कडेला काळ्या मसाल्याच्या आमटीचं पातेलं. आमटीच्या फोडणीला सगळं अंगण एकसाथ खोकतं. एका धाडसी पोरानं एकदा मंच्युरियन आमटीत बुडवून खाल्लं. त्याचं नाव अजून भावकीत आदरानं घेतात.

केकचं शास्त्र वेगळं. केक तोंडाला फासायची जी नवी चाल आली आहे, तिच्यावर काकांचा राग आकडेवारीसकट आहे. कारखान्यात उसापासून किती साखर पडली त्याला उतारा म्हणतात. काका केकचा उतारा काढतात. "दोन किलोचा केक. पोटात गेला सव्वा किलो. बाकी गालावर, केसांत, पडद्यावर. साडेबासष्ट टक्के!" कुणीतरी म्हणालं, काका, कारखान्याला तर अकरा-बारा टक्के पडला तरी खूश असायचात तुम्ही. काका म्हणाले, "तिथे उरलेल्या मळीचे पैसे येत होते. इथे पडदा धुवायला टाकावा लागतो."

केक कापताना म्हणायचं गाणं मुळात अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या दोघी हिल बहिणींनी बालवर्गातल्या मुलांसाठी केलेलं सकाळचं नमस्काराचं गाणं होतं, १८९३ सालच्या पुस्तकात ते छापलं गेलं, शब्द पुढे बदलले. हे मी काकांना सांगितलं ते माझं चुकलंच म्हणायचं. पुढच्या वाढदिवसाला त्यांनी प्रास्ताविकात त्याला दहा मिनिटं दिली. मेणबत्त्या वितळून क्रीममध्ये बसल्या.

सभा राष्ट्रगीतानं संपते. यावर सूनबाईचा आक्षेप होता, वाढदिवसाला राष्ट्रगीत कुठे असतं? पण साखर पोटात गेलेली चाळीस पोरं सरळ रेषेत, गप्प, हात खाली घेऊन उभी राहतात हा चमत्कार एकदा पाहिल्यावर तिनं आक्षेप मागे घेतला. आता तीच कधीकधी कार्यक्रमाच्या मध्ये विचारते, "आप्पा, एकदा घ्यायचं का?"

आणि निघताना परतभेट. कारखाना दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतो. काकांनी त्याच धर्तीवर प्रत्येक पोराच्या हातात एक किलो साखरेची पिशवी ठेवली, सोबत एक पेन्सिल. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. आयांनी मात्र त्या वर्षी एकमुखानं सांगितलं की इतका नीट झालेला वाढदिवस पाहिला नाही. पुढच्या वर्षी केडगावकर एक पोर जास्त घेऊन आले.

गेल्या खेपेला सगळे पांगल्यावर काका ओसरीवर हिशेब लिहीत बसले होते. शिल्लक: फुगे चौदा, मेणबत्त्या सहा, आमटी अर्धं पातेलं. पुढचा कार्यक्रम काकूंच्या साठीचा. काकांनी आत हाक मारली, "अहो, ऐकलं का? साठीची थीम काय ठेवायची?"

"त्या दिवशी स्वयंपाकघर बंद, एवढीच ठेवा," काकू भांडी विसळत म्हणाल्या. "आणि मी माहेरी."

काकांनी वहीत लिहिलं: विषय क्रमांक एकवर सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेपर्यंत राखून ठेवण्यात आला.

"राखून नाही," आतून आवाज आला. "मंजूर लिहा."