श्वास सोडा, अप्पा!

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची, उभा आरसा आणि खुंटीला टांगलेली शिंप्याची पिवळी फीत. कलाकार येतो, फीत गळ्यात घालतो. पुढची सगळी पात्रं तोच.)

सदाशिव पेठेतल्या अप्पांना जाड म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. कारण अप्पा जाड नाहीतच. वय ५८, वजन ६४ किलो, उंची ५ फूट ५ इंच. हात बारीक, पाय त्याहून बारीक, गालफडं बसलेली. फक्त सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीपासून पाचवीपर्यंत एक गोलाई आहे. बटाट्याला चार काड्या खोचून पोरं बैल करतात ना, लांबून थेट तसं. अप्पांच्या मते मात्र ते पोट नव्हेच. तो वात आहे. गेली वीस वर्षं तो सरायचा राहिलाय, एवढंच.

(आरशासमोर आडवा उभा राहतो. पोट आत ओढतो. गाल फुगतात.)

फोटो काढताना, लिफ्टमधल्या आरशासमोर आणि व्याही भेटायला आले की अप्पा श्वास आत ओढतात. व्याह्यांची बैठक दोन तास चालली, तेव्हा घरच्यांना वाटलं, अप्पा भावुक होऊन गप्प बसलेत.

लेकीचं लग्न वैशाखातलं. अप्पा मार्गशीर्षातच सुटाचं माप द्यायला गेले. कापड महागण्याआधी.

(फीत हातात. आवाज बदलून, तोंडात खडू धरल्यासारखा.)

"साहेब, श्वास सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. कोट घालून तुम्हाला पंगतीत बसायचंय, साहेब. नुसतं उभं नाही राहायचं."

अप्पांनी श्वास सोडला. मास्टरच्या हातातली फीत सरसर सरकत गेली आणि ३९ वर थांबली.

"अहो, माझी पँट चौतीसची आहे!"

"ती पोटाखाली बसते साहेब. पोटावर बसवून दाखवा."

(पँट वर ओढायचा मूकाभिनय. दोनदा. मग सोडून देतो.)

वैद्यकशास्त्र जे सांगतं ते मास्टरनं खडूनं सांगितलं. पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. घेर मोजायचा सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, फीत जमिनीला समांतर धरून, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर. शिंप्याच्या फितीला मागच्या अंगाला सेंटीमीटर असतात. अप्पांनी उलटून पाहिलं, ९९. भारतीय पुरुषाला ९० च्या आत राहायला सांगतात.

घरी आल्यावर माई पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसता हसता फीत त्यांच्याही कमरेभोवती गेली. ८६. अप्पा उजळले. "बघ, तू नव्वदीच्या आत!" तेवढ्यात लेकीनं सांगितलं की बायकांना मर्यादा ८० ची आहे. त्या रात्री घरात भांडी जरा जोरात वाजली.

(प्रेक्षकांकडे.) हसताय? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. पोटाचा लठ्ठपणा सुमारे ३९.५ टक्के प्रौढांत. म्हणजे पाच खुर्च्यांमागे दोन. (पहिल्या रांगेकडे बोट करून मोजतो. "एक, दोन…" थांबतो.) जाऊ दे, तिकीट काढून आलेत.

अप्पा मग डॉक्टरणीकडे गेले. ती गल्लीतलीच, अप्पांच्या कडेवर खेळलेली. तिनं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. उपाशीपोटीची साखर ११८. शंभराच्या वर, सव्वाशेच्या आत, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि यकृतात चरबी.

"अगं, लिव्हर दारुड्यांचं जातं! मी सुपारीसुद्धा खात नाही."

"अप्पाकाका, न पिणाऱ्यांच्याही यकृतात चरबी साठते. हल्ली तर त्याचीच गर्दी आहे."

"मी पीत नाही, त्याचा काहीच फायदा नाही?"

अप्पांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांचे भिडस्त नकार तरळून गेले.

(खुर्चीवर बसतो, पोटाची कातडी चिमटीत धरतो.)

मग तिनं चरबीचे दोन प्रकार सांगितले. चिमटीत येते ती कातडीखालची. ती दिसते, आरशात छळते, पण त्या मानानं गरीब. दुसरी पोटाच्या आत, यकृत, आतडी यांच्या भोवती. आतड्यांवर पदरासारखा एक पडदा असतो, त्याला वपा म्हणतात. तिच्यातही ही भरते. ही चिमटीत येत नाही. म्हणून अप्पांसारख्यांचं पोट लोंबत नाही, नगाऱ्यासारखं घट्ट असतं, आणि माणूस त्यावर अभिमानानं थाप मारतो.

अप्पांना ते कळलं वाड्याच्या भाषेत. कातडीखालची चरबी म्हणजे ओसरीवरचा पाहुणा. जागा अडवतो, पण पडून असतो. आतली म्हणजे पागडीचा भाडेकरू. भाडं नाही, वर मालकाच्या संसारात ढवळाढवळ. ती नुसती साठून राहत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. वपेतलं आणि आतड्यांभोवतीचं रक्त एका मोठ्या शिरेतून थेट यकृताकडे जातं, त्यामुळे तिथली स्निग्धाम्लं पहिल्यांदा यकृताच्याच दारात ओतली जातात. यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, साखर वाढते. पाठोपाठ रक्तदाब आणि हृदयविकार. ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार माणसांच्या एका अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी वजन-उंचीच्या गणितापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या मापाचं नातं घट्ट निघालं होतं.

"पण माझं वजन तर बरोबर आहे!" हा अप्पांचा शेवटचा किल्ला. तो पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी पाडून ठेवलाय.

२००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छायाचित्र आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वरून खुलासाही स्वतःच केलेला: साहेब मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटण्याआधी धावत आत घुसणं. स्वतःच्या चरबीचा आकडा जगासमोर मांडणारा पुणेकर विरळाच. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांचाही त्यांनी अभ्यास केला. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी बारकी, पण चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. 'बारीक पण चरबीदार' हा वाण जन्मापासूनचा निघाला.

"म्हणजे दोष आईच्या पोटातला, माझ्या नाही," अप्पा म्हणाले.

"सुरुवात तिथली, अप्पाकाका. पुढचे श्रीखंडाचे डबे तुमचे."

(सुमोसारखा पाय फाकवून बसतो.)

मग अप्पांनी जपानी पैलवान आणले. "ते सुमोवाले? दीडदीडशे किलो!" इथंही घात झाला. जपानमध्ये सुमो पैलवानांच्या पोटाचे सीटी स्कॅन झालेत. ढीगभर चरबी, पण बरीचशी कातडीखाली. रोजची झटापट आतली चरबी जाळत राहते. आखाडा सुटला की हे संरक्षण टिकत नाही. कोल्हापुरात विचारा, तालीम सुटली नि खुराक तसाच राहिला तर काय होतं ते. त्याच जपाननं २००८ पासून चाळिशी ते चौऱ्याहत्तरीतल्या लोकांच्या वार्षिक तपासणीत कमरेचं माप घालून टाकलंय. तिकडे शिंप्याचं काम सरकार करतं.

"शस्त्रक्रियेनं ओढून काढली तर?" २००४ मध्येच अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरची नऊ-दहा किलो चरबी तशी ओढून काढून पाहिली. तीनेक महिन्यांनी रक्तदाब होता तिथंच, इन्सुलिनचं रडगाणं होतं तिथंच. ओसरीवरचा पाहुणा गेला, पागडीवाला जागेवर.

(जमिनीवर आडवा पडतो, उठायचा प्रयत्न करतो. पाय वर, धड खाली.)

पहिल्या आठवड्यात अप्पांनी पोटासाठी रोज वीस सिट-अप्स काढल्या. त्यानं पोटाचे स्नायू कणखर होतात, चरबी तिथलीच वितळत नाही. मग गरम पाण्यात लिंबू-मध. चरबी काय ताटातलं लोणी आहे, ऊन पाण्यानं विरघळायला? मग एकादशी. सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा. रविवारी मित्रांबरोबर पर्वती. १०३ पायऱ्या चढायच्या, खाली येऊन त्याच घामाच्या शर्टानं वडापाव. बँकेत पस्तीस वर्षं ताळेबंद जुळवलेल्या माणसानं हा ताळेबंद मात्र कधी मांडला नाही.

तो डॉक्टरणीनं मांडला. पाच कप चहा, कपाला दोन चमचे: दिवसाला चाळीसेक ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सगळी मिळून पंचवीसच्या आत राहिलात तर उत्तम. भाताचा डोंगर अर्धा करायचा, आमटीचं पाणी नको, बुडातली डाळ वाढून घ्यायची. उसळ रोज. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं असं चालायचं की बोलता येईल पण गाता येणार नाही, आणि दोन दिवस वजनं उचलायची. अप्पांकडे डंबेल्स कुठले? त्यांनी रद्दीचे गठ्ठे उचलले. १९९८ पासूनचे. अखेर उपयोगाला आले.

आणि झोप. अप्पा रात्री दीडपर्यंत मालिका बघतात. अमेरिकेत मेयो क्लिनिकनं १२ धडधाकट माणसांना दोन आठवडे रात्रीची चार तासच झोप दिली. ती माणसं रोज तीनशेच्या आसपास कॅलरी जास्त खाऊ लागली आणि पोटाच्या आतली चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. वजनकाट्यावर फरक मात्र जेमतेम अर्ध्या किलोचा. माईंनी तेव्हापासून साडेदहाला वायफायचं बटण बंद करायला सुरुवात केली.

दोन महिने काटा ढिम्म. अप्पा चिडले. डॉक्टरीण म्हणाली, "काट्याकडे बघू नका, फितीकडे बघा." ही आतली चरबी व्यायामाला लवकर दाद देते, वजन हललं नाही तरी. फीत म्हणाली ३७ आणि वर थोडं. चैत्रात ३६. काटाही अखेर शरमून ६० वर आला. ३६ इंच म्हणजे साडेएक्क्याण्णव सेंटीमीटर, दीड अजून बाकी. माईंचे ८६ चे ८२ झाले, पण ते अप्पांना सांगायची मनाई आहे.

(उठतो. कोट चढवायचा मूकाभिनय.)

लग्नाच्या दिवशी सकाळी सूट आला. मार्गशीर्षातल्या मापाचा. ट्रायलला गेलेच नव्हते. पेट्रोल कशाला जाळा? पट्टा सापडेना, मुहूर्त टळायला आलेला. अप्पा बोहल्याशी उभे, उजव्या मुठीत अक्षता, डाव्या मुठीत पँट. मंगलाष्टकं संपली, टाळ्या, फोटो. दोन्ही हात जोडून उभं राहायचं. डावी मूठ सोडायची कशी?

(मूठ हळूच सोडतो. घाईघाईनं श्वास भरून पोट जमेल तितकं बाहेर फुगवतो. पँट थांबते. गाल फुगलेले, डोळे बाहेर.)

समोरून फोटोग्राफर ओरडला,

"काका, पोट जरा आत घ्या!"

(काळोख.)