सातशे बारा, कितीपैकी?

आमच्या घरात रक्ताचा रिपोर्ट आला की तो वाचायचा पहिला मान सासूबाईंचा. मोबाइल हातभर लांब धरून त्या वरून खाली एकेक ओळ वाचत येतात आणि जाड ठशातला आकडा दिसला की थबकतात. परवा माझ्या रिपोर्टात थबकल्या त्या 'अँटी टीपीओ ७१२' या ओळीवर. शेजारी बारीक अक्षरात छापलं होतं, '३४ पेक्षा कमी'.

"सातशे बारा?" चष्मा कपाळावर सरकवत त्या म्हणाल्या. "कितीपैकी?"

उभा जन्म शाळेत गणित शिकवलेल्या बाईंना दुसरं काय सुचणार! तेवढ्यात नाशिकहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. "अय्या, माझा तर चारशेच होता गं!" तिच्या स्वरात काळजी होती, पण हरल्याची किंचित खंतही होती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या रिपोर्टात मागे '१३०० पेक्षा जास्त' असं आलं होतं. म्हणजे मोजता मोजता मशीननेच हात टेकले. तेव्हापासून काकूंना सोसायटीत जो मान आहे, तो चेअरमनलाही नाही.

या सगळ्या धामधुमीत टीएसएचकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो बिचारा ६.८ वर उभा होता. खरं तर रिपोर्टाचा कारभारी तोच. हे संप्रेरक थायरॉइडचं नव्हेच. ते सोडते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, थायरॉइडला कामाला लावण्यासाठी. सकाळी पोराला शाळेसाठी उठवणारी आई आठवा. पोरगं पहिल्या हाकेला उठलं तर तिचा आवाज मऊ असतो. कूस बदलून पुन्हा घोरायला लागलं की तो चढत चढत शेजाऱ्यांपर्यंत जातो. टीएसएच म्हणजे आईचा आवाज आणि टी-फोर, हे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, म्हणजे पोरगं प्रत्यक्षात किती हललं ते. म्हणून ग्रंथी आळसावली की टीएसएच वाढतो, आणि ग्रंथी फाजील उत्साहाने कामाला लागली की आई गप्प होते, टीएसएच शून्याकडे जातो. "टीएसएच वाढलाय ना, मग आता वजन झरझर उतरेल," असं मला भिशीत कौतुकाने सांगणाऱ्या मैत्रिणीचं गणित नेमकं इथे उलटं पडतं.

ही आई भलतीच हळवीही आहे. रक्तातला टी-फोर निम्म्यावर आला, तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभरपटीच्या घरात जातो. म्हणून डॉक्टर आधी तोच बघतात. माझा फ्री टी-फोर मर्यादेत होता. म्हणजे आई ओरडत होती, पण पोरगं शाळेत वेळेवर पोहोचत होतं. अशा वेळी टीएसएच १० च्या आत असेल, तर बहुतेक डॉक्टर लगेच गोळी लिहीत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. बाई गरोदर असेल किंवा मूल हवं असेल, तर मात्र हिशेब वेगळा.

मग हे सातशे बारा कशासाठी? तर आईला ओरडावं का लागतंय, याचं कारण कळावं म्हणून. टीपीओ, म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज, हे ग्रंथीतलं विकर. आयोडीनपासून संप्रेरक घडवण्याचं काम त्याच्याकडे. शरीराची संरक्षण यंत्रणा त्यालाच परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. आपलेच दात, आपलेच ओठ! डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'हाशिमोटो' असं लिहिलं, तेव्हा सासूबाई चपापल्या. "जपानी? आपण तर अलिबागच्या पुढे गेलो नाही." जपानच्या हाकारू हाशिमोटो या सर्जनने १९१२ साली चार बायकांच्या थायरॉइडचं वर्णन जर्मन भाषेत छापलं, म्हणून त्यांचं नाव. अँटीबॉडीचा पत्ता त्यांनाही नव्हता. तो १९५६ मध्ये लंडनला रॉइट, डोनियाक आणि कॅम्बेल यांनी लावला.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं थोडक्यात असं, की हा आकडा 'का' याचं उत्तर देतो, 'किती' याचं नाही. अँटीबॉडी आहेत हे एकदा कळलं की काम झालं. गोळीचा डोस टीएसएच बघून ठरतो. चारशेवालीला लहान गोळी आणि सातशेवालीला मोठी, असा काही दर नाही. वेगवेगळ्या लॅबच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे माझा आकडा आणि नणंदेचा आकडा एका फळ्यावर मांडणंही व्यर्थ. इंग्लंडातल्या व्हिकमच्या पाहणीत २० वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही असलेल्या बायकांपैकी दर वर्षी साधारण ४ टक्के जणींची ग्रंथी पुरती मंदावली. म्हणजे लक्ष ठेवायला हवं, पण मृत्युपत्र करायला नको.

आणि जाड ठशाची भीती तर निम्मी संख्याशास्त्राची करणी. 'नॉर्मल'ची मर्यादा बहुतेकदा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून आखतात. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. त्यामुळे ७० तपासण्यांच्या सवलतीतल्या पॅकेजात धडधाकट पैलवानाच्याही तीन-चार ओळी जाड व्हायच्याच.

पुढच्या खेपेला रक्त घ्यायला आलेला लॅबचा पोरगा मात्र माझ्या सगळ्या गणगोतापेक्षा शहाणा निघाला. दंडाला रबरी पट्टा आवळत त्याने विचारलं, "काकू, केसांसाठी कसली गोळी घेता का?" पिवळ्या बुचाची नळी भरेपर्यंत त्याने मला शिकवणीच दिली. थायरॉइड मंदावला की केस गळतात. केस गळले की बाई बायोटिन घेते. आणि बायोटिन काही मशीनना असं गंडवतं, की टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त येतो. म्हणजे आळशी ग्रंथी कागदावर उत्साही! तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद हवं. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, तेव्हा दर वेळी तीच वेळ, तीच लॅब. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची रक्त दिल्यावर घ्यायची. डोस बदलला तर सहा ते आठ आठवडे थांबून मगच तपासायचं, कारण औषधाला रक्तात स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

एवढं ज्ञान गाठीशी आल्यावर सोसायटीतल्या बायका माझ्याकडे रिपोर्ट घेऊन यायला लागल्या. मी विचारायची, टीएसएच किती, टी-फोर किती, बायोटिन घेता का, आणि शेवटी म्हणायची, "अँटीबॉडी पुन्हा करू नका, डॉक्टरांना दाखवा." हळूहळू गर्दी ओसरली. असल्या सल्ल्याला कोण विचारतो! हल्ली सगळ्या जणी नाशिकला फोन लावतात. नणंद चारशेच्या आतल्यांना धण्याचं पाणी सांगते, चारशेच्या वरच्यांना कोबी-फ्लॉवर बंद करते, आणि हजाराच्या वर गेलेल्या बाईशी बोलताना आपोआप 'अहो' म्हणते.