चौघांकडे चार तुकडे

दिवाळीनंतर तो आलाच नाही. एस.वाय. बी.एस्सी.चा मुलगा, लातूरकडचा, तिसऱ्या बाकावर बसणारा, जर्नल कधी उशिरा न देणारा. हजेरी घेताना मी त्याचा नंबर पुकारायचो, मागून कुणीतरी "गावाकडं गेलाय सर" म्हणायचं आणि मी पुढचा नंबर घ्यायचो. जानेवारीत प्रॅक्टिकलच्या बॅचेस लावताना त्याच्या रूममेटला थांबवून नीट विचारलं. तो म्हणाला, "चाकणला कंपनीत लागलाय सर. दिवाळीपासूनच."

मग मी कॉलेजात फिरलो. ग्रंथालयात कळलं, बुक बँकेचा संच त्यानं परीक्षा महिन्यावर असताना परत केला होता. मॅडमनी विचारलंही होतं, "का रे, आत्ताच?" तो म्हणाला, "वाचून झालं मॅडम." मेसवाले काका म्हणाले, दसऱ्यापासून एकच वेळ जेवत होता. फीच्या काउंटरवर त्याचा दुसरा हप्ता थकलेला, त्यासाठी दोनदा फोन करून झालेला. शिष्यवृत्तीच्या टेबलावर त्याचा अर्ज 'सेंड बॅक' होऊन पडलेला, कारण उत्पन्नाचा दाखला जुना लागला होता. तहसीलमधून नवा आणायचा तर गावी जायला हवं, आणि गावी जायचं तर गाडीभाडं हवं.

चौघांकडे चार तुकडे होते. पाचवा माझ्याकडे होता, हजेरीचा. पाचही तुकडे ऑक्टोबरात एका टेबलावर आले असते तर कुणालाही चित्र दिसलं असतं. त्यातलं एकही माणूस वाईट नव्हतं. ग्रंथालयाच्या मॅडमना तर तो मुलगा नावानिशी आठवत होता. पण पुस्तकाचं ग्रंथालयात, जेवणाचं मेसमध्ये, पैशांचं काउंटरवर. मुलगा एक आणि त्याची खाती पाच.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर समित्यांचा फलक लागला होता. तक्रार निवारण, समान संधी केंद्र, विद्यार्थी विकास, समुपदेशन कक्ष, प्रत्येकापुढं अध्यक्षाचं नाव आणि मोबाईल नंबर. ते पाच तुकडे एकत्र आणणं हे काम त्यातल्या एकाही समितीचं नव्हतं. उच्च शिक्षणात 'टीमवर्क' हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्याचा अर्थ समितीची बैठक, इतिवृत्त आणि सह्या एवढाच उरला आहे. संघ असा नसतो. एका मुलासाठी ग्रंथपाल, रेक्टर, लिपिक आणि शिक्षक एका दुपारी एकत्र बसले, तर तो संघ.

नॅकच्या मूल्यांकनात सात निकष असत. पाचवा विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीचा, सहावा प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा. संलग्न पदवी महाविद्यालयासाठी १००० गुणांपैकी पाचव्याला १४० आणि सहाव्याला १००. निकषांत खोट नव्हती, ते विचार करूनच ठरवलेले होते. खोट इथं होती की गुण पुराव्याला मिळत आणि पुरावा म्हणून कागद चाले. मेंटॉर-मेंटी रजिस्टर हा त्यातलाच कागद. प्रत्येक शिक्षकाकडं ठरावीक मुलं, महिन्याला भेट, भेटीची नोंद. त्या मुलाच्या नावापुढं माझी सही आहे. सप्टेंबरच्या रकान्यात 'समुपदेशन केले' असं लिहिलं आहे. त्या महिन्यात मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. नॅकची पिअर टीम येणार म्हणून एका दुपारी स्टाफरूममध्ये बसून आम्ही सगळ्यांनी वर्षभराच्या सह्या केल्या. हा माझा गुन्हा आहे आणि मी तो इथं कबूल करतो, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांच्या कपाटात असंच रजिस्टर आहे, हे मला माहीत आहे.

आता नेतृत्वाबद्दल.

महाडीबीटी पोर्टल २०१८ पासून आहे. शिष्यवृत्ती अडली की पोर्टलला शिव्या घालायला सगळे पुढं असतात. सर्व्हर डाउन असतो, ओटीपी येत नाही, आधार बँकेला जोडलेलं नसतं, सगळं खरं. पण मुलानं 'सबमिट' दाबल्यावर अर्जाचा पहिला मुक्काम मंत्रालयात नसतो, तो कॉलेजात असतो. आधी लिपिकाच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, आणि तिथून पुढं समाजकल्याण किंवा उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडं. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या आपल्याच आवारात आहेत. माझ्या पाहण्यातल्या कॉलेजांत प्राचार्यांचा पासवर्डसुद्धा त्या एका लिपिकाकडंच असतो. परीक्षा विभागही त्याच्याकडं, एलिजिबिलिटीही त्याच्याकडं, निवडणुकीची ड्युटी लागली की तोच जातो. तो रजेवर गेला की शेकडो मुलांची शिष्यवृत्ती रजेवर जाते. आपल्या लॉगिनला आज किती अर्ज पडून आहेत, हे ज्या प्राचार्यांना सांगता येत नाही, त्यांनी नेतृत्वावर व्याख्यान देऊ नये. एवढं सरळ मी लिहितोय, कारण त्या आकड्यामागं एक वेळ जेवणारी मुलं आहेत.

दुसरा प्रसंग भाचीच्या प्रवेशाचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठी गोष्ट केली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. भाचीला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली होती. बहिणीनं शासन निर्णयाची प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणली होती, महत्त्वाच्या ओळींखाली पेनानं रेघा मारून. खिडकीतल्या माणसानं ती हातात घेतली, वाचली आणि परत दिली. "आत्ता पूर्ण भरा ताई, शासनाकडून आले की परत मिळतील. वरून आम्हाला काही आलेलं नाही."

'वरून' म्हणजे कुठून? प्राचार्यांची केबिन त्या खिडकीपासून वीस पावलांवर होती. मी गेलो, अर्धा तास बाहेर बसलो, आत जाऊन बोललो. सरांनी इंटरकॉम उचलला, दोन वाक्यं बोलले, काम झालं. माणूस सज्जन, चहा पाजला. पण माझ्या बहिणीच्या मागं रांगेत आणखी बायका उभ्या होत्या, मुलींचे हात धरून, आणि त्यांच्याबरोबर केबिनपर्यंत जाणारं कुणी नव्हतं. त्यातल्या एकीनं बहिणीला विचारलं, "तुमचं कसं झालं ओ?" ते दोन वाक्यांचं बोलणं प्रवेश सुरू होण्याच्या आदल्या दिवशी खिडकीवर लेखी लागायला हवं होतं. त्याला पैसा लागत नाही, मनुष्यबळ लागत नाही. फक्त प्राचार्यांनी ती वीस पावलं आधी चालायला हवी होती.

या मातीत विद्यार्थ्याकडं असं लक्ष देणं नवं नाही, म्हणून ते सुटलं की जास्त लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. कोणतं मूल आज जेवलं नाही, हे त्या बाईला रजिस्टर न बघता माहीत होतं. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली तीही याच प्रश्नावर, की खेड्यातलं हुशार पोर शहरात आलं तर राहणार कुठं आणि खाणार काय. आधी राहणं-जेवण, मग बाकीचं. तो क्रम आपण उलटा केला.

मनाच्या प्रश्नांचंही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, देशात सर्वांत जास्त. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आणि त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडं कमी लोकांनी पाहिलं. वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही द्यायचं आहे. म्हणजे लिपिकाला, शिपाई मामांना, वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला. न्यायालयाला कळलं की रडवेलं पोर आधी त्यांनाच दिसतं. आमच्या संस्थाचालकांना हे अजून कळायचं आहे. समुपदेशन कक्षाची पाटी ज्या दारांवर लागली आहे, त्यातली किती दारं उघडी असतात, ते आपापल्या कॉलेजात जाऊन बघावं.

आणि ज्या शिक्षकानं मुलाजवळ बसायचं, तोच आज तासिका तत्त्वावर आहे. त्याला तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने उशिरा. तास संपल्यावर पोरगं जवळ येऊन "सर, जरा बोलायचं होतं" म्हणालं आणि तो तासभर थांबला, तर तो तास कुठल्याच बिलात बसत नाही. तरी कितीतरी जण थांबतात. त्यांची स्वतःची नोकरी मार्चनंतर असेल की नाही याची खात्री नसताना थांबतात. रिक्त जागा भरल्याशिवाय विद्यार्थी साहाय्याची भाषा करणं म्हणजे या लोकांच्या चांगुलपणावर संस्था चालवणं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी वेगळं पाहिलं. प्राचार्य मॅडम दर सोमवारी सकाळी साडेनऊला वीस मिनिटं सगळ्यांना बोलावतात. ग्रंथपाल, रेक्टर, शिष्यवृत्तीचा लिपिक, जिमखान्याचे सर, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि शिपाई मामा. खुर्च्या कमी पडल्या तर मॅडम उभ्या राहतात. अजेंडा नाही, इतिवृत्त नाही. प्रत्येकानं फक्त नावं सांगायची, गेल्या आठवड्यात कोण वेगळं वाटलं. मी बसलो होतो त्या सोमवारी एका मुलीचं नाव तिघांनी घेतलं. पहिल्या तासाला सतत गैरहजर म्हणून तिला नोटीस निघणार होती. मामा म्हणाले, "मॅडम, तिच्या गावची एसटीच पावणेअकराला पोचतीय. पोरगी धावत येती, मी रोज बघतो." नोटीस थांबली. मॅडमनी तिथंच आगारप्रमुखांना फोन लावला आणि गाडीची वेळ बदलेपर्यंत पहिला तास चौथ्या ठिकाणी हलवला. हे सगळं मिळून सहा-सात मिनिटं. मला त्या खोलीत बसून सारखा माझा लातूरचा मुलगा आठवत होता.

तो अजून चाकणलाच आहे. त्याला फोन केला होता. "पुढच्या वर्षी फॉर्म भरतो सर," म्हणाला. मागं मशीनचा आवाज होता, शिफ्ट सुरू होती.

प्राचार्य सर, प्राचार्य मॅडम, या सोमवारी लॉगिन स्वतः उघडा आणि किती अर्ज पडून आहेत ते मोजा. मग दिवाळीनंतर वर्गात न आलेल्या मुलांची यादी मागवा. पहिल्या नावाला फोन मात्र लिपिकाकरवी लावू नका, तुम्हीच लावा.