साडेतीन पुरुष पाणी आणि जवाईबापूंचा नांगर

पारशिवनीहून पूर्वेला निघा की पश्चिमेला, समुद्र दिसेपर्यंत डब्यातली भाजी आंबते. देशाचा मध्य मानला जाणारा शून्य मैलाचा दगड नागपुरात, आणि आम्ही त्याच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. अशा गावात ‘निर्जन बेटावर, कड्यांनी वेढलेल्या खाडीत शिडाची बोट सुरक्षित कशी नांगरावी’ या विषयातले एक तज्ज्ञ मागच्या जानेवारीत उतरले, तेही एसटीने. आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान.

भाटवे बँकेतून निवृत्त होऊन पुण्यात राहतात. तिथवर सगळं ठीक होतं. पण जर्मनीतल्या मुलाने त्यांना ग्रीसला नेलं आणि आयोनियन बेटांमधून आठवडाभर शिडाच्या बोटीतून फिरवलं. तेव्हापासून ताई जेवायला हाक मारते तेव्हा ते ‘आलो’ म्हणत नाहीत, ‘काठाला लागतो’ म्हणतात. मोबाइलमध्ये झाकिंथोस बेटावरच्या नवाग्यो खाडीचा फोटो आहे. तिन्ही बाजूंनी पांढरे उभे कडे, मध्ये निळंशार पाणी आणि वाळूत गंजून पडलेलं एक जहाज. पानायोटिस त्याचं नाव, १९८० साली तिथे येऊन रुतलं. ज्या खाडीत एक जहाज आधीच कामी आलंय ती पाहायला लोक पैसे खर्चून बोटीने जातात, याचं मला नवल वाटलं. भाटव्यांना नवल होतं ते वेगळंच. “नांगर नीट धरला असता तर ते जहाज आज चालू असतं,” ते म्हणाले. वादळात इंजिन बंद पडलेल्या जहाजावरचे लोकही तेच म्हणत असतील.

स्टँडजवळ तर्री-पोहे खाता खाता शिकवणी सुरू झाली. नांगर वजनाने धरतो हा अडाण्यांचा समज. नांगर धरतो तो आडव्या ओढीने. दोरी जितकी लांब तितकी ओढ तळाला समांतर, आणि फाळ तितका खोल घुसतो. दोरी आखूड ठेवली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उपटून येतो. म्हणून साखळी असेल तर खोलीच्या निदान चौपट-पाचपट, नुसती दोरी असेल तर सातपट. केंब्रिजच्या जेफ्री टेलर या शास्त्रज्ञाने १९३३ साली या हिशेबावर शेतातल्या नांगराच्या आकाराचा नांगर काढला, तोही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. हे सगळं त्यांनी तर्रीच्या वाटीत चमचा टाकून, त्याला पिशवीची सुतळी बांधून दाखवलं. चमचा उपटून आला तो माझ्या सदऱ्यावर.

मग त्यांनी बॅगेतून स्वतःचा नांगर काढला. ऑनलाइन मागवलेला, चार पाकळ्यांचा, छत्रीसारखा मिटणारा, दीड किलोचा. ताई म्हणाली, “याच्यापेक्षा माझा खलबत्ता जड आहे.” भाटव्यांनी तिला पुन्हा आडव्या ओढीचं तत्त्व सांगितलं.

पारशिवनी तालुक्यात पाण्याला तोटा नाही. वर जंगलात तोतलाडोहचं धरण, १६० मेगावॅट वीज करणारं. खाली नवेगाव खैरीचा जलाशय, ज्याचं पाणी नागपूरकर नळाला तोंड लावून पितात आणि पाऊस लांबला की ज्याच्या नावाने खडे फोडतात. एका बाजूला पेंच व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या बाजूला गोंड समाजाचं श्रद्धास्थान कुवारा भिवसेन. समुद्राशी फरक इतकाच, की इथली भरती-ओहोटी चंद्र ठरवत नाही, पाटबंधारे खातं ठरवतं, आणि त्याच्याही वर मध्य प्रदेशातलं चौराईचं धरण. २०१९च्या जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी प्यावं लागलं, तेव्हा चंद्राचा त्यात काही दोष नव्हता.

खैरीच्या जलाशयात नांगर टाकायचं ठरलं. डोंगा होता वडिलांच्या ओळखीतल्या एका ढिवर काकांचा. जलाशयाच्या तळाशी गेलेल्या शिवारात त्यांचं लहानपण गेलेलं. मासोळीच्या मागे उभा जन्म काढलेला हा माणूस, वारा पाठीमागून असला की डोंग्यात बांबू उभा करून त्यावर युरियाच्या पोत्यांचं शीड चढवतो. शिडाची बोट पाहून भाटवे गहिवरले. गलबताचा नांगर मात्र त्यांना पसंत पडला नाही. जुन्या जात्याची वरची तळी, मधल्या भोकातून ओवलेली नायलॉनची दोरी. तळीवरची टाकी अजून शाबूत होती, खुंट्याच्या भोकात वाळलेलं शेवाळ.

“हे कायले सोबत घेता?” भाटवे वऱ्हाडी बोलायचा प्रयत्न करत म्हणाले.

“असू द्या जवाईबापू,” काका म्हणाले, “बसाले होते.”

तासाभराने एका कड्याखाली आलो. कडा म्हणजे ग्रीसच्या मानाने कठडाच, पण काळा, उभा, आणि पाण्यात थेट उतरलेला. समोर बुडालेल्या टेकडीचं डोकं वर आलेलं, तेच आमचं बेट. भाटव्यांनी शीड उतरवायला लावलं आणि खोली विचारली. काकांनी पाण्याकडे न बघता सांगितलं, “साडेतीन पुरुष.” भाटव्यांनी दोरी सोडून मोजली. साडेसहा मीटर. विहिरी खणणाऱ्यांचं माप कुठे चुकतं का!

आता हिशेब. सात पट म्हणजे पंचेचाळीस मीटर दोरी. जवळ होती पंधरा. बरं, असती तरी काय? कडा आणि बेट यांच्यामधली खाच तीसेक मीटर रुंद; वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरणार आणि आमचं नवाग्यो होणार. भाटवे या प्रश्नाचीच वाट बघत होते. ग्रीसमध्ये अशा जागी पुढून नांगर टाकतात आणि मागची दोरी एक जण पोहत जाऊन काठावरच्या खडकाला बांधतो, की बोट हलत नाही.

“तर कोण जातंय?”

मी काकांकडे बघितलं. काका खर्रा घोटत होते. पन्नीतला खर्रा तळहातावर दाबत, घोळवत ते म्हणाले, “पोहून नोका जाऊ. मगर राह्यते.”

“मग डोंगा टेकवू, चालत जाऊ.”

“तिकडं उतराले बंदी हाय फारेस्टची. आन् काल सांजच्याले तिथीच पानी प्याले आली होती. दोन पिल्लं होती संगं.”

कोण आली होती हे कुणी विचारलं नाही. ताईने डबा उघडला. आयोनियन समुद्रावरच्या पुस्तकांत या मुद्द्यावर मजकूर नसावा, कारण भाटवे बराच वेळ गप्प होते.

शेवटी आखूड दोरीवरच भाटव्यांचा नांगर टाकला. आणि धरला! भाटव्यांनी दोरी ओढून पाहिली, काकांना वल्ही मागे मारायला लावली; डोंगा इंचभर हलेना. आता शेवटचा धडा: बोट घसरते का हे पाण्याकडे बघून कळत नाही, काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. पुढची खूण कड्यावरचं पांढऱ्या खोडाचं कहांडळाचं झाड, मागची वरच्या गवतातला काळपट तांबूस धोंडा. रेष हलली की समजायचं नांगर सुटला.

पोळी-भाजी खाताना कड्यावरून वाऱ्याचा झोत खाली आला. भाटव्यांनी खुणा पाहिल्या. धोंडा झाडाच्या डावीकडे गेला होता.

“घसरलो! दोरी सोडा! वल्हं घ्या! काका, जातं टाका!”

ताईने लोणच्याची बरणी पोटाशी धरली. काकांनी खर्रा गालात सरकवला आणि कड्यावर नजर टाकली.

“जवाईबापू, डोंगा नाई सरकला. गोटा सरकला.”

धोंड्याने मान वर केली. मग पांढरे मोजे घातलेले चार पाय दिसले, आणि तो रानगवा आमच्याकडे पाहून, जणू एवढ्या आरडाओरड्याचं कारण न समजल्यासारखा, आणखी चार पावलं डावीकडे गेला. भाटव्यांनी नवी खूण निवडली. या वेळी झाडच.

निघताना खरी गंमत झाली. नांगर येईना. पुढून ओढला, मागून ओढला, तिघांनी मिळून ओढला तेव्हा डोंग्याची कड पाण्याला टेकली आणि ताई ओरडली. नांगराच्या बुडाला आधीच बारीक दोरी बांधून तिला तरंगता डबा लावला असता, तर तो उलटा ओढून सोडवता आला असता, हेही भाटव्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं, अतिशय मुद्देसूद.

“तिथी मोहाचं झाड हाय,” काका म्हणाले. “माह्या मामाच्या धुऱ्यावरचं. फांदीत गेला आसन.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हाव नं. म्हनूनच त मी इथी कधी गोटा टाकत नाई.”

दोरी कापावी लागली. काकांनी डोंग्याच्या टोकाला बसून शब्द दिला, की उन्हाळ्यात पाणी उतरलं की शेंडा उघडा पडतो, तेव्हा नांगर काढून पोस्टाने पाठवून देतील. परतीला वारा पाठीमागून होता. युरियाची पोती फुगली, भाटवे सुकाणूच्या वल्ह्यापाशी बसले, आणि जात्याच्या तळीवर बसून ताईने उरलेले लाडू वाटले.

आता मार्च लागलाय. नागपुरात लोक धरणातला साठा पुरेल की नाही या काळजीत आहेत. पुण्याहून रोज सकाळी फोन येतो, “पाणी किती खाली गेलं रे?” जास्तच आहे म्हटलं की पलीकडून उसासा ऐकू येतो. काल तर त्यांनी थेट विचारलं, “चौराईवाले यंदा अडवणार आहेत का पाणी? ओळख आहे का कुणाची तिकडे?”