बुलेटचा पोळा

तलमडुगुच्या आमच्या काकांची बुलेट पासिंगला आजवर एकदाही नापास झालेली नाही. असा निकाल आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाचा नाही. १९९८ची नोंदणी. कायद्यानं पहिली पंधरा वर्षं तिला कोणी काही विचारलं नाही, पुढं दर पाच वर्षांनी बोलावणं. २०१३, २०१८, २०२३, तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत पास. दरम्यान पास करणारं राज्यच बदललं. पहिल्या वेळी आंध्र प्रदेश होतं, पुढच्या दोन्ही वेळी तेलंगण. नव्या गाड्यांवर एपीचं टीएस आलं, २०२४च्या मार्चपासून टीएसचं टीजी झालं. काकांची पाटी अजून 'एपी ०१'च आहे. आमच्या जिल्ह्याला हा पहिला नंबर कर्तबगारीनं नाही, इंग्रजी मुळाक्षरांच्या कृपेनं मिळाला. जिल्हा पहिला आला अशी तेवढी एकच यादी, म्हणून काका ती पाटी रोज पुसतात. बाकीच्या गाडीला फडकं लागतं ते पाच वर्षांनी.

विलायतेत मोटारसायकल तीन वर्षांची झाली की तिची परीक्षा दरवर्षी असते. एमओटी म्हणतात तिला, १९६० सालापासून चालू आहे. टायरची नक्षी मोजतात, हँडलचं बेअरिंग हलवून बघतात, दिवे, हॉर्न, ब्रेक सगळं. तिकडचे लांब पल्ल्याच्या जुन्या गाड्या बाळगणारे लोक 'यंदाही पास झाली' हे पोराचा निकाल सांगावा तसं सांगतात. मी हे काकांना ऐकवलं. त्यांना त्यातलं एकच कलम पटलं. २०१८पासून तिथं चाळीस वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाडीला ही परीक्षा माफ आहे. बोटांवर हिशेब करून काका म्हणाले, "म्हणजे २०३८ला सुटते. तेवढी दहा-बारा वर्षं काढायची."

ती कशी काढतात, ते सांगतो.

पासिंग म्हणजे बुलेटचा पोळा. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात, तसं आदल्या संध्याकाळी डिझेलचा बोळा घेऊन चासी नंबर मळायचा. त्याची पेन्सिल प्रिंट लागते, आणि पाच वर्षांचं ग्रीस अन् काळ्या मातीची धूळ यांनी मिळून तो नंबर लिंपून टाकलेला असतो. मग झूल. काकांचा रोजचा सायलेन्सर असा की गाडी किनवटच्या रस्त्याला लागली की काकू भाताचा कुकर लावतात, इतक्या लांबून आवाज येतो. तो उतरवून माळ्यावरचा कंपनीचा मुका सायलेन्सर चढतो. बॅटरी अडत्याच्या मुलाच्या बुलेटची. मागचा टायर दूधवाल्याचा, त्या बदल्यात दूधवाल्याला त्या दिवशी स्कूटर. इंडिकेटर पुतण्याच्या स्प्लेंडरचे. माप जुळत नाही, पण सुतळीला माप कळत नाही. अशा रीतीनं मैदानावर जी गाडी उभी राहते, तिच्यात काकांची स्वतःची म्हणावी अशी टाकी, चासी नंबर आणि काका, एवढीच मालमत्ता असते.

राहिले आरसे. आरशांची गावात एकच जोडी आहे. मूळची कोणाची, ते आता कोणाला आठवत नाही. काकांनी तिच्यासाठी वही घातली आहे. नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सही. पंचक्रोशीतल्या गाड्यांच्या तपासणीची याहून चोख नोंद कुठं असेल असं मला वाटत नाही.

२०२३च्या पासिंगला मी बरोबर होतो. मीसेवा केंद्रातून स्लॉट घेतला होता, फॉर्म २५ भरलेला होता. तपासायला आलेले साहेब कोवळे होते, गाडीहून वयानं थोडेसेच मोठे असावेत. आले आणि म्हणाले, "बंडी एदी?"

काकांचा चेहरा पडला. तेलुगूत कुठलंही वाहन बंडीच असतं, काकांनाही ते ठाऊक आहे. पण घरात आम्ही बोलतो त्या वऱ्हाडी वळणाच्या मराठीत बंडी म्हणजे बैलगाडी. इतकी सजवून आणली आणि पहिल्याच वाक्यात ओळखली गेली!

साहेब म्हणाले, चालवून बघतो. काकांनी सुरू करून दिली. अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, कॉम्प्रेशनचं लिव्हर दाबायचं, मग किक. नाहीतर किकच माणसाला मारते. साहेब मैदानाच्या टोकापर्यंत ऐटीत गेले. आता त्या वयाच्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. त्यात पहिला गिअर वर, बाकीचे खाली. साहेबांनी भिंत बघून क्लच धरला आणि उजवा पाय दाबला. दुसरा पडला. पुन्हा दाबला. तिसरा पडला. क्लच सुटला, गाडीनं धक्का दिला, आणि भिंतीच्या वीतभर अलीकडे ती आपली आपणच बंद पडली. साहेब उतरले, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ब्रेक बागुंदी." ब्रेक चांगला आहे. ते खरंही होतं. ब्रेकला कोणी हातच लावला नव्हता, पायही नाही.

फी हजार रुपये. २०२२च्या एप्रिलआधी तीनशे होती. आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारसायकलला दोन हजार झाली, म्हणजे २०२८ला तेवढे मोजायचे. गाडीत नवा नट पडलेला नाही, पण भाव चढतोच आहे. आमच्या कापसाला ही विद्या कोणी शिकवत नाही. सहा महिन्यांनी येणाऱ्या पीयूसीचं काय सांगावं? साडेचार टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, तेवढ्यात ती भागवते.

घरी आलो की झूल उतरते. टायर दूधवाल्याकडे, बॅटरी अडत्याकडे, आरसे वहीवर. पुढच्या रविवारी काका-काकू त्याच गाडीवर माहूरला रेणुकेच्या दर्शनाला. आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत. काकू मागं वळून बघतात, "ट्रक आला, दाबा डावीकडं" म्हणतात, आणि वळणावर हात काढतात. मला राग येतो तो याचा की ही गाडी त्या चढावर कधी बंद पडलेली नाही. पडली असती, तर निदान चार शब्द तरी बोलता आले असते.

परवा मात्र अघटित घडलं. आरसे परत आणताना उजवा फुटला. नवा वर्गणीतून घ्यायचा, की फोडणाऱ्यानं भरायचा, यावर दोन बैठका झाल्या, निर्णय नाही. गुरुवारी ज्याचं पासिंग आहे तो पोरगा सकाळपासून आमच्या ओट्यावर बसून होता. काकांनी वही उघडली, डाव्या आरशाची नोंद केली, त्याची सही घेतली आणि म्हणाले, "गाडी उजव्या अंगानं भिंतीला खेटून लाव. साहेब डावीकडून येतात."