गेले ते भेसळवाले

लोककलावंतांना सरकार मानधन देतं, हातमागाला अनुदान देतं, गडकिल्ल्यांच्या डागडुजीला निधी देतं. पण मिऱ्यांत पपईच्या बिया, तिखटात विटेची भुकटी आणि चहात वाळवून रंगवलेला चोथा मिसळणाऱ्या कारागिरांची अख्खी पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपत आली, तिच्यासाठी साधी शोकसभा कुठे झाल्याचं ऐकिवात नाही. दिवाळीच्या तोंडावर खव्यावर दोनचार छापे पडतात, तेवढीच काय ती त्यांची आठवण.

जुना भेसळवाला आधी कष्टाळू होता, मग लबाड. पपईची बी मिऱ्याच्या अंगाची निवडायची, वरचा बुळबुळीत पापुद्रा काढायचा, सुरकुत्या धरेपर्यंत उन्हात घालायची, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तांदळातले खडे तांदळाच्याच बांध्याचे आणि रंगाचे लागत. आंबेमोहोराला वेगळे, जाड्या तांदळाला वेगळे. दुधात पाणी घालणारासुद्धा अंदाजपंचे घालत नसे. लॅक्टोमीटर जरा जास्त बुडाला की धंदा बुडायचा. आणि हे सगळं दुकानाच्या फळ्या लावल्यावर, दिवा बारीक करून, शेजारी कोणी खोकलं तरी दचकत. शिवाय त्याची खऱ्या वस्तूवर श्रद्धा होती. खोटी मिरी खऱ्या मिरीसारखीच दिसली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक पुडी तोंडावर फेकेल, ही धास्ती त्याला असे. मिरी कशी असते ते गिऱ्हाइकाला ठाऊक आहे, हे त्याने धरूनच चाललेलं होतं. इतका मान आता आपल्याला कोण देतो?

सरकारही त्याला वचकून असायचं. त्याच्यासाठी १९५४ साली खास अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. तुपात वनस्पती मिसळणाऱ्यांचा तर इतका धसका, की सरकारने वनस्पतीच्या डब्यातच आपला खबऱ्या बसवला. वनस्पतीत कमीत कमी ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे, असा नियम. मग संशयित तूप प्रयोगशाळेत न्यायचं, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवायचं. खालचं आम्ल किरमिजी झालं की तीळ बोलला, वाणी पकडला. चंबळच्या दरोडेखोरांसाठीही कोणी इतकी बारीक योजना केल्याचं माझ्या वाचनात नाही.

तो कायदा ऑगस्ट २०११ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच्या जागी २००६ सालचा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा लागू झाला. भेसळ आजही गुन्हा आहेच. फक्त ती करायची गरज उरलेली नाही.

हे मला माझ्या भाच्याने समजावलं. तो एका बड्या कंपनीत व्हॅल्यू इंजिनिअरिंग नावाचं काम करतो. म्हणजे एखाद्या वस्तूतून काय काय काढून घेतलं तरी ती विकता येते, याचा शोध घेतो. पपईच्या बियांची माझी कथा त्याने शांतपणे ऐकून घेतली.

“मामा, तुमच्या वाण्याची चूक एकच. त्याने पुडीवर लिहायला हवं होतं.”

“काय लिहायला हवं होतं?”

“मिरीयुक्त मसाला मिश्रण. आणि खाली ठळक अक्षरात, ‘आता पपईच्या गुणांसह’. दहा रुपये जास्त मिळाले असते.”

तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक वेष्टनाची मागची बाजू वाचतो. हा छंद कोणी लावून घेऊ नये. पुढच्या बाजूला आंबा, गाय, बदाम, हसरं मूल असं भरलेलं घर असतं. मागच्या बाजूला त्या सगळ्यांचा मृत्युलेख, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.

साबण घ्या. साबणात साबण किती, हे मोजायला टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, असं माप आहे. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपात तो किमान ७६ टक्के हवा, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. आता तुम्हाला वाटेल, साठाच्या खाली घसरला तो नापास. छे! नापास करायचं नाही हे आपलं राष्ट्रीय धोरण आहे. अशा साबणांसाठी शाळेत असते तशी एक वेगळी तुकडी काढलेली आहे. तिचं नाव बेदिंग बार, आणि तिथे ४० टक्क्यांना पास. चाळीस टक्के साबण आणि बाकी कशाकशाने भरलेली ती वडी घरी येते ती मात्र पहिल्या तुकडीतल्यांच्याच गणवेशात. तोच गुलाबी कागद, तीच नटी, तोच वास. न्हाणीघरात आठवडाभरात तिचा लगदा होतो आणि साबणदाणीच्या भोकांतून तो संथपणे निघून जातो. अंगाला लागतो त्याहून जास्त मोरीला लागतो. आमच्या मोरीची कांती हल्ली वाखाणण्यासारखी झाली आहे.

“पाम तेल महाग झालं की काय करणार?” भाचा म्हणाला. २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद ठेवली होती, तेव्हाच्या जागरणांबद्दल तो असा बोलतो, जसे आमचे आजोबा प्लेगबद्दल बोलत.

“पण मग तेल परत स्वस्त झालं ना?”

“हो. पण तोवर गिऱ्हाइकाला सवय झालेली असते. सवय मोडणं बरोबर नाही, मामा.”

वडीला मध्ये जो सुबक खोलगट बाक दिलेला असतो, तो हातात नीट बसावी म्हणून, असं माझं भाबडं मत होतं. त्यावर तो फक्त हसला.

हिंगाचं मी समजू शकतो. बांधानी हिंग जुनाच. पीठ आणि डिंक यांच्या मुक्कामी हिंग पाहुणा म्हणून येतो, हे आजीलाही माहीत होतं. हिंग लावून कोणी विचारत नाही म्हणतात, तिथे हिंगालाच कोण विचारणार? पण निदान त्याला वास होता. आइस्क्रीमला आता वासही दुधाचा उसना आणावा लागतो. आइस्क्रीम म्हणवून घ्यायचं तर किमान १० टक्के दुधाची स्निग्धता लागते. ती परवडत नसेल तर वनस्पती तेल वापरा आणि ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहा. मुलांना भाषेचा प्रश्न येत नाही. त्यांना कोन कळतो. यावरून २०१७ साली अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात पोचले होते. अमूलची जाहिरात फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं असं सुचवत होती. समोरच्यांचं म्हणणं, हा अपप्रचार आहे. आमच्यात वनस्पती तूप नव्हे, वनस्पती तेल आहे. न्यायालयाने जाहिरात थांबवली. म्हणजे एकेकाळी तुपात वनस्पती सापडलं की अब्रू जायची, आणि आता मलईच्या जागी तेल आहे हे सांगून अब्रू परत मिळवता येते. जुन्या वाण्याला हे कळलं असतं तर त्याने फळ्या उघड्या ठेवून रात्रपाळी केली असती.

पनीरचं तर विचारू नका. २०२५च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात बनावट पनीर थेट विधानभवनात पोचलं. तिथे ते पोचलं याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. दुधाच्या जागी तेल आणि स्टार्च घालून पनीरसारखं काही करता येतं, आणि त्याच्या पाकिटावर ‘ॲनालॉग’ असं लिहिलं की कायद्याचं समाधान होतं. पाकीट हॉटेलच्या मागच्या दाराशी फोडतात. पुढच्या दारी तुम्ही पनीर बटर मसाला मागवता आणि तोच येतो. त्यातलं बटर कुठल्या तुकडीतलं हे वेटरलाही माहीत नसतं.

गोडेतेलाच्या बाबतीत मात्र मी भाच्यासमोर हात टेकले. तेल तापवलं की फुगतं, हे आपण सातवीत शिकलो आणि विसरलो. काहीजण विसरले नाहीत. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना मोजलं तर ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना मोजलं तर ८९२.६. तेव्हा पिशवीवर ‘१ लिटर’ आणि त्याला चिकटून बारीक अक्षरांत ‘६० अंश सेल्सियसला’ असं छापायचं, आणि मधले २६ ग्रॅम विज्ञानाला अर्पण करायचे. चंद्रपूरचा मे महिनाही पन्नाशी गाठत नाही. ६० अंशांच्या स्वयंपाकघरात भजी नंतर, आधी आपण तळले जाऊ. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना बजावलं, की तापमान लिहू नका, वजन लिहा. पदार्थविज्ञानाचा असा उपयोग करणाऱ्या त्या अज्ञात माणसाला ताम्रपट द्यायचा सोडून आपण त्याला पत्र पाठवलं.

पण विद्या वाया जात नाही. बिस्किटं, तेल, चहा, मीठ, साबण अशा १९ वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनांचीच असावीत, अशी सक्ती पूर्वी होती. ती त्याच २०२२ साली उठली. आता लिटरची पिशवी लिटरसारखी दिसली की पुरे, आत किती ते आतल्याला ठाऊक. गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून दर ग्रॅमचा भाव छापायची सोय मात्र केली आहे. म्हणजे दुकानात उभं राहून आपण रुपये ०.१२ प्रति ग्रॅम आणि रुपये ०.१३ प्रति ग्रॅम यांची तुलना करायची. चार आण्यांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं; बारा पैशांचा हिशेब आता आपल्याकडे सोपवला आहे.

या सगळ्यात पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याबद्दल मला करुणा वाटते. पेट्रोल, शाळेची फी, सोनं, रिक्षा, सगळं चढत गेलं आणि हा बिचारा पाच रुपयांवर पाय रोवून उभा राहिला. फक्त आतून वाळत गेला. भाचा म्हणतो, “भाव वाढला की सगळे ओरडतात. वजन घटलं की फक्त घरातली आजी ओरडते.” मग २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि भलताच पेच पडला: पुडा पाचाच्याही खाली उतरला. आठ आण्यांचं नाणं कायद्याने चालतं, व्यवहारात ते कोणी हातात धरत नाही. सुट्या पैशांऐवजी गोळी, असा पुन्हा जुना खाक्या. पुढे काही कंपन्यांनी किंमत पाचावर आणून वजन वाढवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बिस्किटाला बाळसं धरताना पाहिलं. डोळे भरून पाहून घेतलं. भाच्याच्या खात्याची नजर लागायला कितीसा वेळ?

या धंद्यात एकच मंडळी मागासलेली राहिली, ती काडेपेटीवाली. चौदा वर्षं रुपयाला पेटी विकली. तांबडा फॉस्फरस आणि मेण महागलं तेव्हा शिवकाशीला सगळे एकत्र बसले आणि १ डिसेंबर २०२१ पासून किंमत दोन रुपये झाल्याचं सरळ सांगून मोकळे झाले. वर काड्या ३६ च्या ५० केल्या. भाव दुप्पट केला आणि माल वाढवला! भाच्याच्या खात्यात हा किस्सा म्हणे नवीन मुलांना सांगतात, काय करू नये म्हणून.

झाडूबद्दल एकच सांगतो. नवा फुलझाडू आणल्यावर पहिले पंधरा दिवस त्याचाच भुसा झाडावा लागतो, त्यामुळे घरात कचरा नसला तरी झाडलोट सुटत नाही. लक्ष्मीपूजनाला केरसुणीवर हळदकुंकू वाहताना तिचे चार हीर हातात आले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ते प्रसाद म्हणून बाजूला ठेवले.

असा सगळा अभ्यास करून मी आमच्या पेठेतल्या जुन्या वाण्याकडे गेलो. शेठ आता थकले आहेत, गल्ला मुलगा सांभाळतो. हात जोडून म्हटलं, “शेठ, आता वय झालं, खरं सांगून टाका. मिऱ्यांत पपईच्या बिया घालत होतात ना?”

“आमच्या वडलांच्या वेळी घालत असं ऐकलंय.”

“आणि तुमच्या वेळी?”

“माझ्या वेळी पपई महाग झाली.”

“पण आता तरी एखाद्या मालात थोडंफार काही? हात शिवशिवत असतील.”

शेठनी फळीवरच्या रंगीत पाकिटांच्या रांगांकडे पाहिलं. “शिवशिवतात. परवा मुलाला म्हटलं, एक मसाल्याचं पाकीट फोड, बघू काय जमतंय. दोघांनी चाखून पाहिलं. ह्यात भुसा घातला तर माल सुधारेल हो! कंपनीचा माल फुकटात सुधारून द्यायला मी काय धर्मादाय दुकान उघडलंय?”