अर्ध्या कोयत्याची झोप

दिवाळीच्या सुमारास बीडच्या धारूर-वडवणीकडच्या गावांतून ऊसतोडीला ट्रॅक्टर भरून निघाले की मागं उरतात म्हातारी माणसं, अर्धा रिकामा हजेरीपट आणि माझ्यासारखा दुपारी खुर्चीत डुलक्या घेणारा मास्तर. ट्रॅक्टरमध्ये पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चुलीची भांडी, कधी एखादी कोंबडीसुद्धा. माणसं मोजायला मात्र सोपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. लग्नात भटजी ‘दोघं एक झाले’ म्हणतात ते आपण नुसतं ऐकून सोडतो. मुकादमानं ते वहीत उतरवलंय.

उचल बहुधा आधीच घेतलेली असते. लेकीच्या लग्नाला, नाहीतर बोअरला. बोअरला पाणी लागत नाही, पण उचल लागू होते. आपण आधी झोपतो, मग स्वप्नं बघतो. इथं स्वप्न आधी उरकलेलं असतं. झोप हंगाम संपल्यावर.

शेजारच्या काकू पंधरा वर्षं कारखान्यावर जातात आणि दरवर्षी म्हणतात, “गुरुजी, यंदाचं शेवटचं.” पहाटे फडात, दिवसभर तोडणी, आणि कोपीत पाठ टेकावी तर रात्री ट्रक भरायला हाक. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना म्हणे त्यांचा डोळा लागतो.

“मग पडत नाही का?”

“पडून कसं चालंल? खाडा पडतो.”

या खाड्याच्या धास्तीनं बीडच्या कितीतरी बायकांनी गर्भाशयच काढून घेतल्याचं २०१९ साली गाजलं, सरकारनं चौकशी समितीही नेमली. इथं मला विनोद सुचत नाही.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पेपर हातात घेऊन मी उत्साहानं फोन लावला. पलीकडं पाचट जळत असावं, काकू खोकत होत्या. “टक्के ऱ्हाऊ द्या, गुरुजी. ट्रक दिवसा येणार का, तेवढं छापलंय का बघा.”

मी पान उलटून बघितलं. नव्हतं.

गुढीपाडव्याच्या आसपास काकू परतल्या त्या दोन दिवस झोपल्याच. सूनबाई चहा ठेवून दमली. तिसऱ्या दिवशी ओट्यावर दिसल्या, तेव्हा विचारलं, “स्वप्नबिप्न पडलं का काही?”

“पडलं की. ट्रक आला हुता.”

“मग?”

“म्हनलं, थांब तिथंच. मी उठत नाय.”